फ्रेंच मोटारींची निराळी वाट

मोटारीचा विषय निघाला की जर्मन मोटारींचा काटेकोरपणा, इटालियन मोटारींचा वेग आणि जपानी मोटारींचा भरवसा यांचे कौतुक होते. जुन्या फ्रेंच मोटारींचे चाहते मात्र निराळ्याच गुणावर लुब्ध असतात. मोटार अशीच का असावी, हा प्रश्न नव्याने विचारण्याचे धाडस हा तो गुण. सिट्रोएन कंपनीच्या तीन मोटारींमध्ये हे धाडस ठळकपणे दिसते आणि त्याची किंमतही.

या निराळेपणामागे केवळ लहर नव्हती. फ्रान्समध्ये मोटारीवरील कर इंजिनाच्या आकारमानाशी निगडित होता. साहजिकच मोठे इंजिन सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेरचे ठरे. दुसरीकडे दगडी फरसबंदीचे रस्ते, खेड्यापाड्यांतील कच्च्या वाटा आणि शहरांमधील लांबलचक अंतरे. लहान इंजिनावर, खराब रस्त्यावरून, तरीही आरामात कसे जायचे, हे कोडे तेथील अभियंत्यांपुढे होते.

पहिले पाऊल

आंद्रे सिट्रोएन यांनी १९३४ मध्ये ‘त्राक्सियाँ आव्हाँ’ बाजारात आणली. त्या काळी बहुतेक मोटारींत इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळे आणि जड सांगाड्यावर वरचा सांगाडा बसवलेला असे. या मोटारीत शक्ती पुढच्या चाकांना दिली होती आणि वेगळा सांगाडा काढून टाकला होता. त्यामुळे मोटार बुटकी, हलकी आणि वळणावर स्थिर झाली. या दोन्ही कल्पना आज सर्रास वापरात आहेत. पण नव्या मोटारीचा आणि कारखान्याच्या फेरउभारणीचा खर्च कंपनीला पेलला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस तिचे दिवाळे निघाले, ती सर्वांत मोठी धनको असलेल्या मिशलाँ या टायर कंपनीकडे गेली आणि १९३५ मध्ये संस्थापकांचे निधन झाले. मोटार मात्र १९५७ पर्यंत बनत राहिली.

बटाटे आणि अंडी

नवे प्रमुख पिएर-ज्यूल बुलांजे यांनी शेतकऱ्यांसाठी मोटार मागितली. दोन माणसे आणि ५० किलो बटाटे ताशी ६० किलोमीटर वेगाने न्यावेत, तीन लिटर इंधनात १०० किलोमीटर अंतर कापावे. शिवाय नांगरलेल्या शेतातून जाताना टोपलीतील अंडी फुटू नयेत, अशी अट होती असे सांगतात. महायुद्धामुळे लांबलेली ही ‘टू सीव्ही’ १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात अवतरली. नावाचा अर्थ कराच्या हिशेबातील दोन अश्वशक्ती. इंजिन अवघे ३७५ सीसीचे, हवेने थंड होणारे. छत कापडी, आसने काढून बाहेर ठेवता येणारी.

खरी करामत चाकांच्या जोडणीत होती. प्रत्येक बाजूचे पुढचे आणि मागचे चाक एकाच आडव्या नळकांड्यातील स्प्रिंगांना जोडले होते. पुढचे चाक खड्ड्यात गेले की त्याचा परिणाम मागच्या चाकापर्यंत पोहोचे आणि धक्का दोघांत वाटला जाई. वळणावर मोटार भीती वाटावी इतकी कलत असे, पण सहसा उलटत नसे. प्रारंभी थट्टेचा विषय झालेल्या या मोटारीचे उत्पादन १९९० पर्यंत चालले.

रस्त्यावरची ‘देवी’

५ ऑक्टोबर १९५५ रोजी पॅरिसमध्ये ‘डीएस’चे अनावरण झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी सुमारे १२ हजार मागण्या नोंदल्या गेल्या. या आद्याक्षरांचा फ्रेंच उच्चार ‘देवी’ या अर्थाच्या शब्दासारखाच होतो. तिचे रूप इटालियन शिल्पकार फ्लामिनिओ बेर्तोनी यांनी घडवले, आंद्रे लफेव्र हे अभियंता होते आणि तिचा आत्मा ठरलेली जलवायवीय यंत्रणा पॉल माजेस यांची.

या यंत्रणेत पोलादी स्प्रिंगच नव्हत्या. प्रत्येक चाकापाशी एक धातूचा गोल. त्यात रबरी पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला द्रव. चाक वर उचलले गेले की द्रव वायूला दाबी आणि धक्का तिथेच जिरे. प्रवासी एक असो वा पाच, मोटारीची उंची तीच राही. रात्री थांबलेली मोटार हळूहळू खाली बसे. सकाळी इंजिन सुरू होताच पुन्हा उभी राही. ब्रेक, स्टिअरिंग आणि गिअर बदलणे यांनाही याच द्रवाचा दाब पुरे. २२ ऑगस्ट १९६२ रोजी राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा टायर फुटूनही त्यांची डीएस वेगाने निसटली.

परंतु एकाच द्रवावर सारे अवलंबून असल्याने गळती झाली की सारेच ठप्प. सुरुवातीचा लाल द्रव हवेतील ओलावा शोषून घेई आणि आतील भाग गंजत. ही यंत्रणा गावोगावच्या मेकॅनिकांना अपरिचित होती. पुढे हिरवे खनिज तेल आल्यावर हा त्रास बराच कमी झाला. रोल्स-रॉईसनेही १९६५ च्या ‘सिल्व्हर शॅडो’साठी या तंत्राचा परवाना घेतला.

१९७५ पर्यंत सुमारे साडेचौदा लाख डीएस बनल्या. तोवर कंपनी पुन्हा अडचणीत सापडली होती. १९७६ मध्ये ती प्यूजोच्या ताब्यात गेली. जलवायवीय यंत्रणा असलेली अखेरची मोटार, ‘सी-फाइव्ह’, २०१७ मध्ये बंद झाली. साध्या स्प्रिंगा आता पुरेशा चांगल्या आणि कितीतरी स्वस्त झाल्या होत्या. हिशेबाच्या वहीत हे धाडस अनेकदा तोट्याचेच ठरले. मात्र खराब रस्त्याचा त्रास प्रवाशाने मुकाट सोसावा, हे त्या अभियंत्यांनी कधी मान्य केले नाही. आजही या मोटारी जपणाऱ्यांना त्यांच्या रूपाइतकाच हा आग्रह प्रिय आहे.