भजनाची बैठक आणि बेचाळीसचा उठाव

विदर्भातल्या १९४२ च्या उठावाचा इतिहास बहुधा काँग्रेसचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मुंबईचा ‘भारत छोडो’ ठराव, नेत्यांची धरपकड, चिमूर-आष्टीचा उद्रेक, मग लष्कराचे अत्याचार आणि फाशीच्या शिक्षा. ही साखळी खरी आहे, पण तिच्यातली एक कडी सुटून जाते. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींसह सगळे मोठे नेते पकडले गेले. काँग्रेसच्या समित्या बेकायदा ठरल्या. तरीही आठवडाभरानं, १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चांदा जिल्ह्यातल्या चिमूरसारख्या आडवळणाच्या गावात माणसं प्रभातफेरीला निघाली आणि गोळीबारानंतरही पांगली नाहीत. दिल्ली-मुंबईकडून आदेश देणारं कोणी उरलं नसताना ती एकत्र राहिली कशी? मला असं वाटतं, की जमण्याची सवय, जमण्याची वेळ आणि एका सुरात बोलण्याची शिस्त त्यांना भजनानं आधीच लावलेली होती. राज्यकर्ते राजकारणाची दारं बंद करतात, तेव्हा उपासनेची बैठक हीच लोकांची सभा होते. बेचाळीसच्या तीनशे वर्षं आधी इंग्लंडात हेच घडलं होतं. योगायोग असा की पहिल्या चार्ल्स राजानं नॉटिंगहॅमला आपला झेंडा उभारून पार्लमेंटशी युद्ध पुकारलं, तोही ऑगस्टच होता, १६४२ चा.

ही गोष्ट मारेगाव-वणीच्या बाजूनं पाहिली की जास्त नीट उलगडते. वणीच्या पूर्वेला वर्धा नदी. नदीपलीकडे चांदा जिल्हा, म्हणजे जुना मध्य प्रांत, नदीअलीकडे वऱ्हाड. दक्षिणेला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे निजामाचं राज्य. यवतमाळ जिल्ह्याचं नावही १९०५ पर्यंत वणीवरूनच होतं. हा कोलाम-गोंडांच्या पोडांचा, कापसाचा आणि जंगलाचा मुलूख. जंगलावर सरकारचा ताबा आल्यापासून गवताचा भारा आणि सरपणाची मोळी हे इथं रोजच्या कटकटीचे विषय झाले होते. वणीत १८८० साली जन्मलेल्या माधव श्रीहरी अणे यांनी, म्हणजे लोकनायक बापूजी अण्यांनी, हाच विषय हाती घेतला. मिठाचा कायदा मोडायला समुद्र इथून शेकडो मैल दूर, म्हणून १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात विनापरवाना गवत कापून त्यांनी कायदा मोडला आणि अटक करून घेतली. त्या लढ्याचं स्वरूप नेमकं होतं. जागा जाहीर, दिवस जाहीर, कोण कापणार तेही जाहीर. नेता होता, संघटना होती, वर्तमानपत्रं होती. बारा वर्षांनी यातलं काहीच जागेवर राहिलं नाही, आणि तेव्हा वर्धेपलीकडे उठावाला आधार मिळाला तो तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा.

तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. वरखेडच्या आडकोजी महाराजांचे ते शिष्य. तरुणपणी त्यांनी चिमूरजवळ गोंदोड्याच्या जंगलात साधना केली, त्यामुळे त्या भागात त्यांना उपरा मानण्याचा प्रश्नच नव्हता. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि पुढच्याच वर्षी सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात राहून आले. त्यांच्या भजनाची रीत जवळून पाहिली की तिच्यातली ताकद कळते. एकानं खंजिरीच्या ठेक्यावर ओळ उचलायची, बाकीच्यांनी ती धरायची, पुन्हा धरायची, सगळ्यांना पाठ होईपर्यंत. अक्षरओळख नसलेला शेतमजूर त्या बैठकीत श्रोता राहत नाही. तो तेच वाक्य आपल्या तोंडानं, इतरांच्या देखत, मोठ्यानं म्हणतो. भाषण ऐकून माणूस घरी जातो, भजन तो घरी घेऊन जातो. बेचाळीसच्या पावसाळ्यात महाराजांच्या भजनांत भक्तांनाच सैन्य म्हटलं जाऊ लागलं होतं. सरकारनं ते वेळीच ओळखलं. चिमूर-आष्टीनंतर ऑगस्ट संपण्याआधीच त्यांना अटक झाली आणि नागपूर-रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आलं. सुटका डिसेंबरात.

आता इंग्लंड. १६२९ मध्ये चार्ल्सनं पार्लमेंट बरखास्त केलं आणि पुढची अकरा वर्षं ते भरूच दिलं नाही. कर गोळा होत होते, तक्रारी साचत होत्या, पण बोलायची अधिकृत जागा उरली नव्हती. मग बोलणं गेलं कुठे? बाजारपेठेच्या गावांतल्या प्युरिटन प्रवचनांकडे. लोक प्रवचनाची टिपणं घेत, घरी जाऊन नोकरचाकरांसह ती पुन्हा म्हणत, बायबलमधल्या जुलमी राजांची नावं घेत. आर्चबिशप लॉडनं ही प्रवचनं आवळायला घेतली. १६३७ मध्ये बिशपांविरुद्ध लिहिणाऱ्या एका वकिलाचे, एका वैद्याचे आणि एका धर्मोपदेशकाचे कान भर चौकात कापले गेले. त्याच वर्षी नवं प्रार्थनापुस्तक स्कॉटलंडवर लादताच एडिंबराच्या चर्चमध्ये दंगल उसळली. स्कॉटलंडशी युद्ध ओढवलं, युद्धाला पैसा हवा म्हणून १६४० मध्ये पार्लमेंट बोलवावं लागलं, आणि अकरा वर्षं प्रवचनांतून शिकलेली भाषा थेट सभागृहात ऐकू येऊ लागली. पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल याच्या सैन्यानं १६५० मध्ये डनबारची लढाई जिंकल्यावर रणांगणावरच स्तोत्र म्हटलं. बैठक आणि फौज यांतलं अंतर किती मिटलं होतं, ते एवढ्यावरून कळावं.

यावर पहिला आक्षेप येतो तो पोटाचा. माणसं उठली ती करांमुळे, महागाईमुळे, जंगल हिरावल्यामुळे. धर्म हा नुसता वरचा रंग, असं म्हणणारे इतिहासकार तिकडेही आहेत, इकडेही. पोटाचं कारण मी नाकारत नाही, मारेगावच्या जंगलपट्ट्याचा विचार करणाऱ्याला ते नाकारता येणारही नाही. पण इंग्लंडातलाच पुरावा पाहा. १६२६ ते १६३२ या काळात राजानं गिलिंगहॅम, डीन अशा पश्चिमेकडच्या जंगलांना कुंपणं घातली, तेव्हा गावकऱ्यांनी ती उपटून फेकली. दु:ख खरं होतं, धैर्यही होतं. तरी ते दंगे त्या त्या जंगलापुरते राहिले आणि विझले, कारण एका जंगलातल्या माणसाला दुसऱ्या जंगलातल्या माणसाशी जोडणारं काही नव्हतं. दहा वर्षांनी प्रवचनांच्या जाळ्यानं परगण्याला परगणा जोडला, तेव्हा राजाचं सिंहासन गेलं. दु:ख उठायचं कारण देतं, पण एकत्र उठायला आधी एकत्र बसलेलं असावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. इंग्लंडात भांडण धर्मावरूनच होतं: वेदी कुठे असावी, बिशप असावेत की नसावेत, कॅथलिकांना किती थारा द्यावा. विदर्भात इंग्रजांशी कोणी उपासनेवरून भांडत नव्हतं. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली संतांच्या चळवळीची युरोपातल्या धर्मसुधारणेशी तुलना केली, तेव्हा इतिहासकार राजवाड्यांसारख्यांना ती पटली नाही. तशीच माझीही तुलना ताणलेली वाटू शकेल. फरक मला मान्य आहे, आणि तो तुकडोजी महाराजांच्या बाजूचा आहे. तिकडे धर्म वादाचा विषय होता म्हणून बैठकीबाहेरचा माणूस शत्रू ठरत गेला, आणि १६४९ मध्ये आयर्लंडात द्रोएडाची कत्तल झाली. गुरुकुंजाची सामुदायिक प्रार्थना सर्व धर्मांसाठी खुली होती, म्हणून तिच्यातून कोणा पंथाविरुद्धचा द्वेष निघाला नाही. तरीही रक्त सांडलंच. चिमूरला कोवळा बालाजी रायपूरकर गोळीला बळी पडला आणि खवळलेल्या जमावानं उपविभागीय अधिकारी डुंगाजींसह सरकारी माणसं मारली. भजनानं माणसं जोडली म्हणजे ती नेहमी संयमी राहतील, असा दावा मी करणार नाही. जोडलेला जमाव काय करेल, हे गोळी कोण आणि केव्हा झाडतं यावरही ठरतं.

त्यानंतर गोऱ्या सोजिरांनी चिमूरच्या बायकांवर जे केलं, त्याची चौकशी सरकारनं टाळली. तेव्हा सेवाग्रामचे प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी थेट दिल्लीला गेले. कोणाकडे? वणीच्या अण्यांकडे. बापूजी त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होते. बारा वर्षांपूर्वी गवत कापून तुरुंगात गेलेला, संस्कृतात रमणारा हा टिळकभक्त आता सरकारात होता आणि त्याच्या दारात एक फकिरी वृत्तीचा माणूस चिमूरला चला, म्हणून उपाशी बसला. मला या साऱ्या इतिहासात याहून बोलका प्रसंग सापडत नाही. भन्साळींना दिल्लीतून हलवण्यात आलं, पण त्यांनी उपास पुन्हा मांडला आणि दोन महिन्यांहून अधिक काळ, १२ जानेवारी १९४३ पर्यंत, चालवला. उपासाच्या बातम्यांवर बंदी आली. इंग्लंडच्या पार्लमेंटनंही चार्ल्सशी झालेल्या युद्धाच्या काळात दर महिन्याचा एक बुधवार उपासाचा ठरवून त्या दिवशी सभासदांपुढे प्रवचनं करवली होती. पण तिथं सत्ता उपास पाळत होती, इथं सत्तेच्या दारात उपास घडत होता. पुढच्याच महिन्यात, गांधीजींच्या उपासाच्या वेळी, अण्यांनी पद सोडलं. ते आधीच सोडायला हवं होतं, असं माझं मत आहे. पण त्यांनी सोडलं, हेही लिहिलं पाहिजे.

उठाव दडपला जातो, राज्य परत येतं, पण बैठक मोडत नाही. इंग्लंडात १६६० मध्ये राजेशाही परतली, १६६२ च्या कायद्यानं सुमारे दोन हजार धर्मोपदेशक घरी बसले, आणि १६६४ मध्ये घरच्यांखेरीज पाचांहून अधिक माणसांनी वेगळ्या उपासनेसाठी जमणं गुन्हा ठरलं. आपल्याकडचा जमावबंदीचा पाचाचा आकडा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या भीतीचा अर्थ सांगायला नको. तरी क्वेकर आणि बाप्टिस्ट पंथांचे लोक जमत राहिले, आणि १६८९ मध्ये राज्यालाच त्यांना उपासनेची मोकळीक द्यावी लागली. तुकडोजी महाराजांनीही तुरुंगातून सुटल्यावर बैठक मोडली नाही, तिला दुसरं काम दिलं. गुरुदेव सेवा मंडळांच्या प्रार्थनेनंतर ग्रामसफाई, दारू, अस्पृश्यता यांवर बोलणं होऊ लागलं आणि १९५५ मध्ये त्यातून एकेचाळीस अध्यायांची ग्रामगीता उभी राहिली. बेचाळीसचा इतिहास आजवर पोलीस ठाण्यांच्या आणि न्यायालयांच्या कागदांवरून लिहिला गेला. त्यात कोण पकडलं गेलं, ते सापडतं. आदल्या रात्री कोण कुठे एकत्र बसलं होतं, ते सापडत नाही. चिमूरपासून वणी-मारेगावपर्यंत ज्या घरांत भजनाच्या जुन्या हातवह्या उरल्या असतील, तिथून त्या आता गोळा व्हायला हव्यात. ती भजनं म्हणणाऱ्यांची पिढी जवळपास संपली आहे.