शोतोकान प्रशिक्षकांची घडण

ओकिनावातील शाळाशिक्षक गिचिन फुनाकोशी यांनी आंको आझातो व आंको इतोसू या गुरूंकडे खासगीरीत्या कराटेचे शिक्षण घेतले होते. त्यांच्या शोतोकान परंपरेचे पुढील प्रशिक्षक मात्र प्रामुख्याने जपानी विद्यापीठांच्या कराटे मंडळांतून आले. ताकुशोकु विद्यापीठात फुनाकोशींकडे शिकलेले मासातोशी नाकायामा युद्धकाळात चीनमध्ये होते आणि मायदेशी परतल्यावर ते जपान कराटे असोसिएशनचे मुख्य प्रशिक्षक झाले. या संस्थेने १९५६ मध्ये सुरू केलेल्या प्रशिक्षक अभ्यासक्रमात ‘दान’, म्हणजे काळ्या पट्ट्यापासून सुरू होणारी श्रेणी, मिळवलेल्या आणि बहुधा पदवीधर असलेल्या तरुणांकडून किहोन म्हणजे मूलभूत तंत्र, काता म्हणजे हालचालींची ठरावीक मालिका आणि कुमिते म्हणजे प्रतिस्पर्ध्याबरोबरची लढत यांचा कसून सराव करून घेतला जात असे. ताकुशोकुचे हिरोकाझु कानाझावा आणि होसेई विद्यापीठाचे ताकायुकी मिकामी हे पहिल्या तुकडीतील प्रशिक्षक होत. १९५८ च्या राष्ट्रीय स्पर्धेतील कुमितेचे विजेतेपदही या दोघांना विभागून द्यावे लागले, हा योगायोग म्हणता येत नाही. अभ्यासक्रमातील सरावाच्या कठोरतेचीच चर्चा अधिक होत असली, तरी कराटेचे अध्यापन हा पूर्णवेळ व्यवसाय ठरला, हे त्याचे फलित अधिक महत्त्वाचे मानावे लागते. कानाझावा १९६१ मध्ये हवाईला गेले ते प्रशिक्षक म्हणूनच.