गवत कापले म्हणून तुरुंग

पावसाळ्यात गवत वाढते. विळ्याने कापावे, भारा बांधावा, गुरांपुढे टाकावे. यात गुन्हा कसला? पण १९३० साली याच कामासाठी आपल्या भागातली माणसे तुरुंगात गेली. ती का गेली, ते आम्ही सांगतो.

आपला वाशिमचा मुलूख वऱ्हाडात येतो. वऱ्हाड पूर्वी हैदराबादच्या निजामाचे. त्याच्या राज्यात इंग्रजांची एक फौज असे. तिचा खर्च निजामाने द्यायचा. पैसे थकले, कर्ज चढत गेले. शेवटी १८५३ साली तह झाला. त्या कर्जापोटी वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. पुढे १९०२ साली त्यांनी वऱ्हाड कायमच्या मक्त्याने घेतले. वर्षाला २५ लाख रुपये निजामाला द्यायचे ठरले. सावकार शेत लिहून घेतो ना, तसाच हा प्रकार. इथे सारा मुलूखच लिहून घेतला! रयतेला कोणी विचारले नाही.

मग इंग्रजांनी शेते मोजली, धुरे पक्के केले, सारा बांधला. शेत शेतकऱ्याच्या नावावर राहिले. गोरे लोक येऊन इथे नांगर धरून बसले नाहीत. त्यांची नजर जंगलावर होती. रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकूड हवे होते. सागाला भाव होता. १८७८ साली सरकारने जंगलाचा मोठा कायदा केला. वऱ्हाडातही तीच चाल आली. जंगल ‘राखीव’ झाले. म्हणजे मालक सरकार.

कालपर्यंत लोक तिथून सरपण आणत, मोहाची फुले वेचत, गुरे चारत. आता चराईचा पैसा भरा, पास घ्या. पास नसला तर नाकेदार गुरे हाकलून कोंडवाड्यात घाली. सोडवायला पुन्हा पैसा. आंध, गोंड, बंजारा आणि लहान शेतकरी यांना हा जाच फार झाला. जंगल राखले नाही तर उजाड होईल, असे सरकार म्हणे. ते अगदीच खोटे नव्हते. पण राखायचे गावाने आणि विकायचे सरकारने, हा कुठला न्याय?

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा कायदा मोडला. वऱ्हाडात समुद्र कुठला! तरी अकोल्याकडे दहीहांडा गावी लोकांनी विहिरीच्या खाऱ्या पाण्याचे मीठ केले. पण वऱ्हाडी माणसाला खरा काच होता तो जंगलच्या कायद्याचा. म्हणून पुसदला जंगल सत्याग्रह ठरला. पुसद आपल्याला परके नाही. १९०५ सालापर्यंत तो तालुका वाशिम जिल्ह्यातच होता.

१० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे पुसदजवळच्या राखीव जंगलात गेले. त्यांनी विळ्याने गवत कापले. सरकारने त्यांना पकडले, शिक्षा केली. मग त्यांच्यामागून दुसरे आले, तिसरे आले. हाती विळा, पण तो गवतापुरता. माणसावर कोणी उगारायचा नाही, असा नियम होता.

नवल असे की, असाच एक लढा पन्नास वर्षे आधी न्यूझीलंड देशात झाला होता. हा देश फार दूर, समुद्रापलीकडे. तिथले मूळ रहिवासी माओरी. १८४० साली इंग्रजांनी त्यांच्याशी तह केला. तो दोन भाषांत लिहिला. माओरी भाषेत एक अर्थ, इंग्रजीत दुसरा! माओरींना वाटले, जमीन आपली राहिली. पण जहाजे भरभरून गोरे शेतकरी आले. त्यांना जमीन हवी होती. १८६० साली लढाई पेटली. १८६३ साली सरकारने कायदा करून बंडखोर म्हणवलेल्या माओरींच्या जमिनी जप्त केल्या. बंडात नसलेल्यांच्याही गेल्या.

पारिहाका गावच्या ते व्हिती नावाच्या पुढाऱ्याने बंदूक धरली नाही. १८७९ साली त्याची माणसे जप्त जमिनीवर गेली आणि नांगरू लागली. पकडले की दुसरी माणसे नांगर धरत. शेकडो माणसे खटला न चालवताच तुरुंगात टाकली. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी फौज गावात शिरली. वाटेत गावची लहान मुले गाणी म्हणत बसली होती! फौजेने ते व्हितीला धरून नेले. लोकांना हाकलले, घरे पाडली.

तिकडे शेत गेले, म्हणून लोकांनी नांगर धरला. इकडे रान गेले, म्हणून विळा.

माओरींच्या तक्रारी ऐकायला १९७५ साली त्या देशात खास न्यायमंडळ नेमले गेले. पारिहाकाच्या लोकांची सरकारने २०१७ साली माफी मागितली. आपल्याकडे वनहक्काचा कायदा व्हायला २००६ साल उजाडले. आदिवासींना आणि तीन पिढ्या जंगलावर जगणाऱ्या इतरांना त्यात हक्क मागता येतो. कसत असलेल्या वनजमिनीचा, गुरे चारण्याचा, मध, बांबू, तेंदूपाने गोळा करण्याचाही. दावा आधी आपल्या ग्रामसभेपुढे ठेवायचा असतो. ग्रामसभा त्यासाठी वनहक्क समिती निवडते. जुने कागद असतील ते जोडावेत. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे सांगणे लिहून घेतले, तर तेही पुरावा म्हणून चालते.