हार्ड डिस्क बदलल्यानंतर नेटवर्कवरील बॅकअप न उघडण्याची समस्या : स्वरूप व निवारण

बीजसंज्ञा : हार्ड डिस्क, बॅकअप, नेटवर्क, सर्व्हर, परवानगी

प्रस्तावना :
१९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालये येतात. प्रवेश, शिष्यवृत्ती व परीक्षेच्या नोंदी तसेच ग्रंथालयातील देवघेव ही कामे आता संगणकावर होतात. अकोल्याचा पारा मे महिन्यात अनेकदा ४५ अंशांच्या पुढे जातो. बंद खोलीतील, धूळ साचलेल्या संगणकाच्या आत उष्णता त्याहून अधिक असते. त्यात वीज अचानक खंडित झाल्यास हार्ड डिस्क निकामी होण्याची शक्यता वाढते. नवी डिस्क बसविली जाते, विंडोज नव्याने टाकली जाते. परंतु सर्व्हरवरील बॅकअप उघडत नाही आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी नष्ट झाल्याचा समज होतो. प्रस्तुत लेखात या समस्येची कारणे व निवारणाचा क्रम मांडला आहे.

समस्येचे स्वरूप :
बॅकअप दुसऱ्या यंत्रावर असल्याने जुन्या डिस्कबरोबर तो नष्ट होत नाही. नष्ट होते ती संगणकाची ओळख. संगणकाचे नाव, साठविलेले पासवर्ड, नेटवर्कची मांडणी व कूटबद्धतेची किल्ली या बाबी जुन्या डिस्कवर होत्या. नव्या विंडोजने संगणकाला वेगळेच नाव दिलेले असते. परिणामी सर्व्हरच्या दृष्टीने तो अनोळखी ठरतो. म्हणून माहिती शोधण्यापूर्वी ओळख पुन्हा प्रस्थापित करणे आवश्यक असते.

निवारणाचा क्रम :
सर्वप्रथम स्वयंचलित बॅकअप थांबवावा. नवा बॅकअप सुरू झाल्यास जागा अपुरी पडून जुन्या प्रती पुसल्या जाऊ शकतात. त्यानंतर पुढील तपासणी क्रमाने करावी.

१) जोडणी : सर्व्हरला पिंग करून पाहावे. आयपी क्रमांकाने सर्व्हर उघडतो, पण नावाने उघडत नाही, असे आढळल्यास दोष नाव ओळखण्याच्या व्यवस्थेत आहे, बॅकअपमध्ये नाही.

२) संवादाची पद्धत : जुनी साठवण यंत्रे एसएमबी-१ ही पद्धत वापरतात. २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० च्या काही आवृत्त्यांच्या नव्या स्थापनेत ती मुळातच नसते. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीत पासवर्डविना पाहुणा म्हणून प्रवेशही सामान्यतः नाकारला जातो. जुनी पद्धत कायम चालू ठेवणे धोक्याचे आहे. २०१७ मधील वॉनाक्राय हल्ला याच मार्गाने पसरला होता. साठवण यंत्राचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे व स्वतंत्र खाते उघडावे.

३) खाते : संगणकाचा नव्हे, तर सर्व्हरवरील खात्याचा वापरकर्ता व पासवर्ड द्यावा. डोमेन असल्यास संगणक पुन्हा त्यात सामील करावा. घड्याळही तपासावे; डोमेनमध्ये पाच मिनिटांहून अधिक फरक असल्यास प्रवेश नाकारला जातो.

४) परवानगी : बॅकअपची डिस्क काढून थेट संगणकाला जोडल्यास फोल्डरवर ‘अज्ञात खाते’ दिसू शकते. जुन्या खात्याचा सुरक्षा क्रमांक नव्या विंडोजला परिचित नसतो. प्रशासकाने फोल्डरची मालकी स्वतःकडे घेतल्यावर फायली उघडतात.

५) किल्ली : बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या डिस्कसाठी पासवर्ड किंवा ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली लागते. दोन्ही नसल्यास माहिती मिळत नाही. या टप्प्यावर मात्र हानी खरोखरच कायमची ठरते.

६) सॉफ्टवेअरची आवृत्ती : फाइल उघडूनही कार्यक्रम ती स्वीकारत नसेल, तर आवृत्ती पाहावी. अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांत इन्फ्लिबनेटचे ‘सोल’ हे सॉफ्टवेअर आहे. त्याची माहिती एसक्यूएल सर्व्हरवर असल्यास, नव्या आवृत्तीत घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीत परत आणता येत नाही. ॲपलच्या टाइम मशीनमध्ये नव्या संगणकाला जुन्या बॅकअपचा वारस म्हणून जोडून घ्यावे लागते.

प्रतिबंधात्मक उपाय :
संगणकाचे नाव, सर्व्हरचा आयपी क्रमांक, खात्याचे नाव, सॉफ्टवेअरची आवृत्ती व पुनर्प्राप्ती किल्ली यांची नोंद कागदावर करून ती कार्यालयाच्या कपाटात कुलपात ठेवावी. ही माहिती एकाच कर्मचाऱ्याच्या स्मरणावर सोडू नये. त्याची बदली किंवा सेवानिवृत्ती झाल्यास बॅकअप असूनही तो निरुपयोगी ठरतो. प्रत्येक सत्रात एकदा दुसऱ्या संगणकावर बॅकअपमधील काही फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. एक प्रत इमारतीबाहेरही असावी.

निष्कर्ष :
डिस्क बदलल्यानंतर बॅकअप न उघडणे म्हणजे तो नष्ट होणे नव्हे. जोडणीपासून किल्लीपर्यंतची तपासणी क्रमाने केल्यास बहुतेक वेळा दोष सापडतो. घाईने डिस्क फॉरमॅट केल्यास मात्र शाबूत असलेली माहितीही गमावली जाते. विद्यार्थ्याची जुनी गुणपत्रिका वा शिष्यवृत्तीची नोंद पुन्हा निर्माण करणे दुष्कर असते. त्यामुळे बॅकअप घेणे हे अर्धेच काम असून तो परत उघडता येतो याची खात्री करणे हे उरलेले अर्धे काम होय.