तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, आता पुढे काय?

धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत गेलेला मुलगा तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम संपवून कायमचा घरी परततो, तेव्हा घरातील वातावरण काही दिवस अवघडलेले असते. मिस्सानंतर चर्चच्या आवारात लोक विचारपूस करतात आणि आई-वडिलांना एकच चिंता लागून राहते : आता हा करणार काय? कॉलेजात तत्त्वज्ञान हा विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलामुलींनाही हाच प्रश्न ऐकावा लागतो.

ख्रिस्तसभेच्या कायद्यातील २५० व्या कलमानुसार धर्मगुरुपदाच्या सहा वर्षांच्या अभ्यासापैकी पूर्ण दोन वर्षे तत्त्वज्ञानासाठी व चार वर्षे ईशज्ञानासाठी दिली जातात. हाच काळ पाचारणाची पारख करण्याचाही असतो. तेव्हा या टप्प्यावर कुणी वेगळा मार्ग निवडला, तर ते अपयश मानू नये. नोकरीच्या अर्जात ही वर्षे लपविणारे तरुण पाहिले की वाईट वाटते.

मात्र वस्तुस्थितीही स्पष्ट सांगितली पाहिजे. तत्त्वज्ञानाच्या केवळ पदवीवर थेट नोकरी क्वचितच मिळते. तिला दुसऱ्या एखाद्या प्रशिक्षणाची जोड द्यावी लागते.

पहिला मार्ग अध्यापनाचा. महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या कला शाखेत तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान हे विषय आहेत, त्यासाठी एम. ए. व बी. एड. लागते. वरिष्ठ महाविद्यालयासाठी एम. ए. ला सर्वसाधारण गटात ५५ टक्के गुण आणि 'नेट' किंवा 'सेट' ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. जागा थोड्या असतात, हे आधीच जाणून असावे. कीर्ती महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविणारे प्रा. मे. पुं. रेगे यांनी पुढे मराठी विश्वकोशाच्या संपादनाची धुरा वाहिली. संपादन, भाषांतर व पत्रकारिता ही क्षेत्रे अध्यापनापासून फार दूर नाहीत.

दुसरा मार्ग केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा. मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय घेता येतो. त्याच्या दोन प्रश्नपत्रिका प्रत्येकी २५० गुणांच्या असतात. ईश्वराच्या अस्तित्वाची प्रमाणे, दुष्टतेचा प्रश्न, धर्मांची विविधता हे घटक त्या अभ्यासक्रमात आहेत, आणि सेमिनरीत शिकलेल्याला ते परके नाहीत. शिवाय २०१३ पासून नीतिशास्त्राची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका सर्वांनाच सक्तीची आहे. आपल्या समाजातील मुले या परीक्षेकडे फारशी वळत नाहीत, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करता येतो. युक्तिवादाची सवय झालेल्याला तो जड जात नाही. समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीसाठीही कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश घेऊ शकतो.

एका क्षेत्राची माहिती आपल्याकडे फार कमी जणांना आहे. रुग्णालयांत नव्या औषधांच्या चाचण्या करण्यापूर्वी नीतिविषयक समितीची मान्यता घ्यावी लागते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या नियमांनुसार या समितीवर किमान सात सदस्य असावे लागतात. त्यांतील एक जागा समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ, नीतिशास्त्रज्ञ, ईशज्ञानी अशांपैकी कुणा एकासाठी असते. ही पगारी नोकरी नव्हे. परंतु गरीब रुग्णाची संमती खरोखर समजून-उमजून घेतली आहे का, हे विचारणारा माणूस तेथे हवा असतो. वैद्यकीय नीतिशास्त्राचा अभ्यास केलेल्यांना संशोधन व प्रशिक्षणाच्या कामातही वाव आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे असेच प्रश्न आता संगणक क्षेत्रातही उभे राहिले आहेत. २०२० मध्ये रोममध्ये या विषयावरील नैतिक आवाहनावर मायक्रोसॉफ्ट व आयबीएम या कंपन्यांनी स्वाक्षऱ्या केल्या, तर जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने 'अँटिकुआ एट नोवा' हा दस्तऐवज प्रसिद्ध केला.

संत एडिथ स्टाईन यांनी १९१६ साली तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळविली, परंतु त्या स्त्री असल्यामुळे विद्यापीठातील अध्यापनाचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. १९२३ पासून आठ वर्षे त्यांनी जर्मनीतील स्पायर येथे डॉमिनिकन भगिनींच्या शाळेत मुलींना शिकविले आणि त्याच काळात संत थॉमस अक्विनास यांच्या ग्रंथाचे भाषांतर केले.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. परमधर्मपीठाच्या मान्यतेने मिळणारी तत्त्वज्ञानाची पदवी आणि आपल्या राज्यातील विद्यापीठाची बी. ए. पदवी या एक नव्हेत. लोकसेवा आयोगाला कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाची किंवा तिच्याशी समकक्ष पदवी लागते. म्हणून आपल्याजवळ नेमके कोणते प्रमाणपत्र आहे, हे प्रथम तपासावे. सरकारमान्य पदवी नसेल, तर मुक्त विद्यापीठातून ती घरी राहून, नोकरी सांभाळूनही पूर्ण करता येते. सेमिनरीचा निरोप घेतानाच सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, अभ्यासक्रमाची प्रत आणि रेक्टरांचे पत्र मागून घ्यावे. काही वर्षांनी ही कागदपत्रे जमा करताना अनेकांची दमछाक होते.