बैठे काम आणि शारीरिक स्वास्थ्य : पैठणीच्या मागाच्या संदर्भात

उत्तरपत्रिका तपासणी व संगणकीय नोंदींमुळे प्राध्यापकांचे कामही आता बरेचसे बैठे झाले आहे. मराठवाड्याला बैठे काम नवीन नाही. उस्मानपुऱ्यापासून सुमारे ५० कि.मी. अंतरावरील पैठण येथे कारागीर पिढ्यान्पिढ्या मागावर बसून पैठणी विणत आले आहेत. पारंपरिक खड्डामागावर त्यांचे पाय खड्ड्यातील पट्ट्या आळीपाळीने दाबतात. मात्र नक्षीवर झुकलेली मान व पाठ तासन्‌तास एकाच स्थितीत राहते. मूल्यांकन केंद्रातील खुर्चीवर तर पायही निश्चल असतात.

पोटरीचे स्नायू आकुंचन पावून पायांतील रक्त हृदयाकडे ढकलतात; ही क्रिया मंदावल्यास पायांना सूज येते. मणक्यांमधील चकत्यांच्या पोषणासही हालचाल साहाय्यभूत ठरते. म्हणून केवळ ताठ बसणे पुरेसे नाही. स्थिती बदलणे आवश्यक आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लंडनच्या बसवाहकांपेक्षा सतत बसणाऱ्या चालकांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले.

यावरील उपाय खर्चिक नाहीत. पावले जमिनीवर सपाट टेकावीत, संगणकाच्या पडद्याची वरची कड साधारणपणे डोळ्यांच्या रेषेत असावी आणि दर अर्ध्या तासाने उठून थोडे चालावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम शारीरिक श्रमांची शिफारस केली आहे. हे पथ्य व्यक्तीने पाळावयाचे आहे. तथापि तपासणीच्या सत्रांत विश्रांतीची वेळ निश्चित करणे हे संस्थेचे कर्तव्य ठरते.