नोकरदार विधवेचा हक्क

खामगावच्या गिरणीतील एखादा कामगार वारतो. त्याची पत्नी शाळेत शिक्षिका. “मला पगार आहे, मग पतीचे निवृत्तिवेतन कसले?” असे समजून ती अर्जच करीत नाही. ही समजूत चुकीची आहे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत, नोकरीत असता वारलेल्या सभासदाची एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरे. पत्नीचा पगार आड येत नाही. विधुरासही हाच नियम. पुनर्विवाह केल्यास मात्र हक्क संपतो. मला हे कठोर वाटते. पंचविशीच्या आतील दोन मुलांना निराळी रक्कम मिळते. अर्ज १०-डी नमुन्यावर, मृत्यूच्या दाखल्यासह करावा. २०१४ साली किमान रक्कम दरमहा हजार रुपये ठरली. ती वाढावी म्हणून निवृत्तांनी २०१८ साली बुलढाण्यासच साखळी उपोषण आरंभिले.